पाय धुण्याची रीत

येशूने शेवटच्या जेवणात आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, संध्याकाळी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे, तर पाणी किती लागतं? बहुतेक ठिकाणी एकेकाचा एकच पाय धुतात, उजवा. बारीक धारेने ओतलं तर एका पायाला अर्धा लिटर पुरतं, म्हणजे सगळं मिळून सहा लिटर. तांब्या दोन लिटरचा असेल तर तो तीनदा भरावा लागतो, आणि भरायला वेगळा माणूस लागतो, कारण धर्मगुरू एकदा गुडघ्यावर बसले की पाण्यासाठी उठत नाहीत. टॉवेल बारा, वर दोन जास्तीचे. एखादा तरी ओल्या फरशीवर पडतोच. खुर्च्यांना हात असावेत, कारण बारांत दोन-तीन वयस्क असतात आणि उठताना त्यांना धरायला काहीतरी लागतं. नाडीचे बूट नकोत, चपला घालून या, हे आदल्या रविवारीच सांगायचं. पाणी कोमट करायचं ते अगदी आयत्या वेळी. दुपारी चारला भरून ठेवलेलं ऊन पाणी सातपर्यंत गार होतं. वसईच्या उकाड्यात त्याचं तरुणांना काही वाटत नाही, पण म्हातारं माणूस दचकतं आणि पाय मागे घेतं.

इतकं करूनही एक गोष्ट दरवर्षी बिघडते आणि तिला इलाज नाही. बाराच्या बारा जण घरून पाय घासून येतात. टाचा दगडाने घासलेल्या, नखं कापलेली, कुणी पावडरही लावलेली. सगळ्या गावासमोर पाय उघडा करायचा तर माणूस दुसरं काय करणार? इंग्लंडच्या दरबारात तर हे काम रीतसर वाटून दिलेलं होतं. पहिली एलिझाबेथ राणी पवित्र गुरुवारी गरीब बायांचे पाय धुवायची. पण तिच्याआधी धोबीखात्यातले नोकर ते कोमट सुगंधी पाण्याने धुवायचे, मग दानाधिकाऱ्याचा सहायक, मग खुद्द दानाधिकारी, आणि चौथ्या खेपेला राणी गुडघ्यावर बसायची. १७व्या शतकानंतर तिथल्या राजांनी हे काम स्वतः करणं सोडलं. नाण्यांच्या पिशव्या वाटणं तेवढं उरलं, ते आजही चालतं: राजाचं वय जितकं, तितके पुरुष आणि तितक्या स्त्रिया. दान टिकलं, पाणी गेलं. दान उभ्याने देता येतं.

बायबलात ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, तेराव्या अध्यायात येते. तिथले पाय मात्र मळलेलेच आहेत. यरुशलेमच्या धुळीतून वहाणा घालून चालत आलेली माणसं. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, ही तिथली रीत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे खेड्यात आजही ओसरीवर पाण्याचा तांब्या पुढे येतो. पण पाणी देणं वेगळं आणि धुणं वेगळं. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने पाहुण्यांसाठी पाणी आणवलं आणि आपले पाय धुवा म्हणून विनंती केली. दुसऱ्याचे पाय आपल्या हाताने धुणं हे गुलामाचं काम होतं, आणि इब्री गुलामाला तर तेही सांगू नये, असा यहुदी शिक्षकांचा दंडक होता.

योहान सांगतो की येशू उठला तो जेवण चालू असताना. म्हणजे सगळे पाय न धुताच जेवायला बसले होते. पाणी नव्हतं म्हणावं तर मार्काच्या शुभवर्तमानात शिष्यांना ते घर सापडतं ते पाण्याची घागर घेऊन चाललेल्या माणसाच्या मागोमाग जाऊन. घागर होती, गंगाळ होतं, रुमाल होता. उठणारं कुणी नव्हतं. आणि लूकाचं शुभवर्तमान सांगतं की त्याच रात्री त्यांच्यात वाद झाला होता, आपल्यात मोठा कोण.

जेवायची पद्धतही ध्यानात घ्यायला हवी. डाव्या कोपरावर रेलून, तोंड अन्नाकडे आणि पाय बाहेरच्या बाजूला, असं आडवं होऊन जेवत. त्यामुळे पाय धुणारा सगळ्यांच्या पाठीमागून फिरतो. योहान एकेक हालचाल नोंदवतो: उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेऊन कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुऊ लागला, कमरेच्या रुमालाने पुसू लागला. रुमाल कमरेला बांधण्यात कामाची जाण आहे. दोन्ही हात मोकळे राहतात आणि ओल्या हाताने फडकं शोधावं लागत नाही. बारा माणसांचे चोवीस पाय आणि रुमाल एकच. शेवटच्यापर्यंत तो चिंब झाला असणार.

त्या चोवीस पायांत, येशूला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योत या शिष्याचे दोन होते. तो उठून बाहेर पडला तो नंतर. ‘तुमच्यातला एक जण मला धरून देईल’ असं येशू म्हणाला तेव्हा शिष्य एकमेकांकडे पाहत राहिले, कुणाला अंदाज येईना. याचा अर्थ यहूदाचे पाय धुताना हात घाईने फिरला नव्हता, पाणी कमी ओतलं गेलं नव्हतं. तसं झालं असतं तर अकरांपैकी कुणीतरी टिपलं असतं. ख्रिस्ती सेवेबद्दलच्या साऱ्या मजकुरात मला हीच जागा सर्वांत अवघड वाटते. आपल्या माणसाचं करणं जमतं, परक्याचं करणंही एखादा दिवस जमतं. ज्याने आपलं वाईट करायचं ठरवलं आहे त्याच्या घोट्यावरही तोच हात तसाच फिरायला हवा, हे जमवून आणणं म्हणजे काय, याचं प्रवचन सोपं असतं.

या जागेचा गैरवापरही सर्वांत जास्त होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘येशूने यहूदाचेही पाय धुतले’ असं ऐकवणारे महाभाग आहेत. त्यांनी योहानाच्या त्याच अध्यायातलं तिसरं वचन वाचलेलं नसतं. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे आणि आपण देवाकडून आलो नि देवाकडे जातो आहोत, हे जाणून येशू उठला, असं तिथे लिहिलं आहे. ज्याला उठून जाता येतं, ज्याच्या हातात सत्ता आहे, तो आपणहून वाकला. ज्याला वाकवलं गेलं आहे त्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टीला या अध्यायाचा आधार नाही.

मराठी वाचकाला या प्रसंगाचा खरा धक्का दिशेचा बसायला हवा. पाय धुणं आपल्याला ओळखीचं आहे. पाद्यपूजा गुरूची होते, लग्नात वधूचे आईवडील जावयाचे पाय धुतात, वारीच्या वाटेवर लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, धुतात. या सगळ्यांत पाणी खालून वर जातं: धुणारा स्वतःला लहान समजतो, पाय मोठ्याचे असतात, आणि ते पाणी तीर्थ होतं. वरच्या माडीवरच्या त्या जेवणात गुरू शिष्यांचे पाय धुतो. त्या पाण्याचं तीर्थ झालं नाही; ते गंगाळातलं गढूळ पाणीच राहिलं, कुणीतरी बाहेर ओतलं असेल. ज्या समाजात कोण कोणाला शिवतो यावर माणसाची किंमत ठरत आली, तिथे धुणारा कोण आणि पाय कोणाचे, हा प्रश्न कधीच साधा नव्हता.

शिष्यांतल्या पेत्राला तो धक्का बसला. ‘तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.’ यात नम्रता दिसते, आणि थोडी आहेही, पण उरलेला सगळा नकार मानी माणसाचा आहे. मी कुणाच्या उपकारात राहणार नाही, आणि ज्याला मी प्रभू म्हणतो त्याने प्रभूसारखं वागावं, म्हणजे मलाही माझी जागा कळते. ‘मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही,’ हे ऐकल्यावर तो एकदम दुसऱ्या टोकाला जातो: मग पायच कशाला, हात आणि डोकंही धुवा! आधी काहीच घ्यायचं नाही, मग सगळंच मागायचं. दोन्ही वेळा किती धुवायचं ते ठरवायचं मात्र पेत्राने. येशू त्याला मापात आणतो. ज्याची अंघोळ झाली आहे त्याला पाय धुणं पुरतं. सेवेला गरजेएवढं माप असतं, हे इतक्या व्यावहारिक शब्दांत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

म्हणूनच जोडीने पाय धुण्याची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. सेवन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींमध्ये, ज्यांचं स्पायसर हे शिक्षणकेंद्र पुण्यात आहे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या आधी, साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा हा विधी असतो. पुरुष एका खोलीत, स्त्रिया दुसऱ्या. दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला एक पसरट भांडं आणि एक टॉवेल. एकाने धुवायचे, मग जागा बदलायची. १८९४ साली अमेरिकेतून भारतात आलेल्या आणि वलसाडपासून डहाणूपर्यंत काम उभारलेल्या चर्च ऑफ द ब्रदरन या पंथातही पाय धुणं, एकत्र जेवण आणि प्रभुभोजन असा तीन पदरी विधी असतो. याच पंथात १९व्या शतकात वाद पेटला होता की धुणारा आणि पुसणारा एकच असावा की दोघे वेगळे असावेत. एकाने धुऊन दुसऱ्याने पुसत पुढे सरकणं ही जुनी रीत, की प्रत्येकाने शेजाऱ्याचे धुऊन पुसून मग स्वतः बसणं ही खरी? या प्रश्नावरून मनं दुभंगली. नम्रतेची योग्य पद्धत कोणती यावरून भांडणं होतात, हे वाचून हसू येतं. पण मागचा प्रश्न पोकळ नव्हता. दोघांनी वाटून घेतलं तर काम वेगाने उरकतं. एकट्याने धुऊन पुसलं तर त्या एका माणसाजवळ दोन मिनिटं जास्त बसावं लागतं.

जोडीत बसणारे सांगतात की दुसरी पाळी अवघड असते. धुताना हाताला काम असतं, नजर खाली असते. धुऊन घेताना काही करता येत नाही. पायावरची भेग, वाकडं नख, बुरशी लागलेली बेचकी, सगळं दुसऱ्याच्या हातात.

कॅथलिक चर्चमध्ये आज दिसणारा विधी तसा अलीकडचा आहे. पाय धुण्याची प्रथा मठांत आणि कॅथेड्रलांत जुनी, पण १९५५ साली पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेरमांडणी केली तेव्हा ती प्रवचनानंतर, संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत आली. धर्मगुरू वरचं झब्ल्यासारखं वस्त्र उतरवतात, कमरेला कापड बांधतात, पाय धुऊन झाले की स्वतःचे हात धुतात आणि वस्त्र पुन्हा घालून आपल्या आसनाकडे परततात. हात धुण्याची पायरी घाईत राहून जाते. ती राहू नये, कारण त्याच हातांनी पुढे भाकर मोडायची असते. हा विधी सक्तीचा नाही. बाराचा आकडाही आजच्या विधिग्रंथात सांगितलेला नाही, तरी बारा खुर्च्या मांडल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. जानेवारी २०१६पर्यंत त्या खुर्च्यांवर नियमाने पुरुषच बसत. मग पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून निघालेल्या आदेशाने स्त्रिया, तरुण, वृद्ध, आजारी अशा सगळ्यांना जागा झाली.

स्वतः फ्रान्सिस यांनी नियम बदलण्याची वाट पाहिली नव्हती. निवडून आल्यानंतर पंधरवड्यातच, २८ मार्च २०१३ रोजी, त्यांनी रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, आणि एक मुलगी मुसलमान होती. अकरा वर्षांनी त्याच तारखेला ते रेबिब्बिया इथल्या स्त्रियांच्या तुरुंगात गेले तेव्हा त्यांना गुडघ्यावर बसता येत नव्हतं. चाकाच्या खुर्चीतून पाय धुवायचे कसे? तिथल्या लोकांनी उंच चौथरा केला, त्यावर बाराजणींना स्टुलांवर बसवलं, आणि पाय पोपच्या हातांच्या उंचीला आले. धुणाऱ्याला वाकता येईना म्हणून ज्यांचे पाय धुवायचे त्यांना वर बसवलं. हा साधा तोडगा मला कुठल्याही भाष्यापेक्षा जास्त आवडतो. २०२५च्या पवित्र गुरुवारी तेही जमलं नाही. ते रेजिना चेली तुरुंगात गेले, यंदा मला हे करता येत नाही पण तुमच्याजवळ असावंसं वाटतं, अशा अर्थाचं बोलले, आणि चार दिवसांनी, २१ एप्रिलला वारले.

आपल्याकडे बारा जण निवडताना मात्र देणगीदार, मंडळाचे सदस्य, निवृत्त मुख्याध्यापक अशी यादी तयार होते आणि तिचा मान होतो. पाय धुऊन घेणं हा सत्कार झाला की विधी उलटा फिरला, पाद्यपूजा परत आली. दुसऱ्या टोकाला वस्तीतले बारा गरीब आणून बसवतात, फोटो काढतात आणि त्यांना नंतर नावानेही कुणी ओळखत नाही. त्यापेक्षा गावातल्याच, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन घरांतल्या माणसांना शेजारी-शेजारी बसवावं. त्यांना आधी विचारावं, नाही म्हणाले तर सोडून द्यावं.

खुर्चीवरून उठून खाली बसल्याने काय बदलतं, हे कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलं. उभ्या माणसाला कुणाचा तळवा दिसत नाही. खाली बसणाऱ्यालाच दिसतो.

बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ साली हवाई बेटांतल्या मोलोकाईवर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले. जखमा बांधल्या, घरं उभारली, शवपेट्या ठोकल्या, नळ टाकून पाणी आणलं. एकाच भांड्यातून रुग्णांबरोबर खाल्लं. १८८४च्या डिसेंबरात त्यांनी दमलेला पाय गरम पाण्यात ठेवला, कातडीवर फोड आले आणि त्यांना काही कळलं नाही. पाय बधिर झाला होता. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी ते गेले. त्यांची गोष्ट जगाला पाठ आहे. पण त्यांच्या शेवटच्या महिन्यांत तिथे आलेल्या आणि पुढे तीस वर्षं, मरेपर्यंत, तिथेच राहिलेल्या मदर मरियान कोप यांची कुणाला फारशी माहिती नसते. त्या रुग्णालय चालवून आल्या होत्या. रुग्णाला हात लावला की हात धुवायचे, या नियमात त्यांनी सूट दिली नाही. त्यांच्या एकाही सिस्टरला कुष्ठरोग झाला नाही. श्रेय सगळं साबणाला देता येणार नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना या रोगाविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते. तरीही दोघांत निवड करायची तर मी मरियानबाईंकडे जाईन. दोघेही संत म्हणून घोषित झाले, डेमियन २००९मध्ये आणि मरियान २०१२मध्ये, पण प्रवचनात त्याग म्हटला की डेमियनच येतात. हात धुऊन तीस वर्षं टिकून राहण्यात नाट्य नसतं, आणि रुग्णाला तर टिकणारं माणूस हवं असतं.

तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. तोवर समज असा की कुष्ठरोगाने बोटं झडतात. ब्रँड यांनी जवळ बसून पाहिलं तेव्हा कळलं की रोग मज्जातंतू मारतो, आणि बोटं जातात ती इजांनी. चटका बसला तरी हात मागे येत नाही, चपलेतला खिळा रुतला तरी चाल बदलत नाही. रात्री उंदीर बधिर बोटं कुरतडून गेले तरी माणूस जागा होत नाही, म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर दिलं जाई. यातून बधिर पायाच्या निगेची जी पद्धत उभी राहिली ती अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्याला आणि मिरजेला मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयांतही शिकवली गेली. ती अशी.

साधं, न तापवलेलं पाणी पसरट भांड्यात घ्यायचं. गरम पाणी नकोच, कारण भाजलेलं पायाला कळणार नाही. वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. या पायांना घाम येत नाही, कातडी सुकते आणि भेगाळते, म्हणून हे भिजवणं. मग मऊ झालेली घट्टी खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायची. पातं लावायचं नाही. पाणी निथळू द्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे आत मुरलेला ओलावा टिकतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. आणि हे करताना बघायचं: लाल डाग कुठे आहे, एखादी जागा बाजूच्या कातडीपेक्षा ऊन लागते का, घट्टीखाली काळपट रक्त साकळलंय का. हाताच्या पाठीमागच्या बाजूला उष्णतेतला फरक लवकर कळतो. ऊन लागणारी जागा म्हणजे आत काहीतरी चिरडतंय. तेवढ्यावर दोन दिवस चालणं थांबवलं तर जखम टळते, नाहीतर महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये जातो. चप्पल मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, मागे पट्टा असलेली, खिळा न मारलेली. बधिर पायाला अंगठ्याने चप्पल धरून ठेवता येत नाही. घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघायचा.

या सगळ्यात भक्तिभाव कुठे आहे, असं कुणी विचारेल. तो हाताच्या पाठीत आहे. प्रेम आहे पण ऊन जागा कशी ओळखायची ते शिकलेलं नाही, तर त्या प्रेमाची किंमत पायवाल्याला मोजावी लागते.

आणि शिकलेलं सगळीकडे चालत नाही, हेही शिकावं लागतं. आज आपल्या घराघरांत बधिर पाय आहेत ते मधुमेहाचे, आणि त्यांना हेच वीस मिनिटं भिजवणं घातक ठरू शकतं. कातडी फुगते, बेचकीत ओल राहते, बुरशी धरते, चीर पडते. मधुमेही पाय कोमट पाण्याने लगेच धुवायचा, पाण्याची ऊब त्या माणसाच्या पायाने न बघता आपल्या कोपराने बघायची, टॉवेलने टिपत टिपत पुसायचा, तेल वर-खाली लावायचं पण बेचक्यांत नाही, नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जे नियम लिहिले त्यांतला पस्तिसावा स्वयंपाकघरातल्या सेवेचा आहे, आणि सेवेबद्दल इतकं शहाणं काही मी क्वचित वाचलं आहे. सगळ्यांनी पाळीपाळीने आठवडाभर वाढायचं. दुबळ्यांना मदतनीस द्यायचा. पाळी संपणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, मठातले भाऊ ज्यांना हातपाय पुसतात ते टॉवेल धुवायचे, आणि पाळी संपणारा व पाळी सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धडकी परत करायची, कोठारप्रमुखाने ती मोजून पुढच्याच्या हवाली करायची. आणि वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरलेल्या वाट्याहून जास्तीचा पेला आणि भाकरी द्यायची, म्हणजे ते कुरकुर न करता, फार न दमता वाढतील.

जास्तीची भाकरी! उपाशीपोटी सेवा करणारा माणूस तापट होतो, हे बेनेडिक्टना ठाऊक होतं. त्यांनी कुरकुरणाऱ्याला नम्रतेवर व्याख्यान न देता आधी खायला घातलं. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं सगळं एका सुनेवर किंवा एका लेकीवर पडतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. हे एकट्या माणसाकडून होत नाही. होतंय असं दिसत असेल तर ती झोपत नाही. मग रविवारी मंडळीतले दहा जण प्रार्थनेला येतात, खाटेभोवती बसतात, दोन गीतं म्हणतात, आणि चहा तीच करते. दहांपैकी दोघांनी थांबावं, चहा आपण टाकावा, तिला तीन तास झोपायला पाठवावं, आणि त्या वेळात एकदा कूस बदलावी. पुढच्या रविवारी दुसरे दोघे. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मंडळीने सांभाळायच्या विधवांच्या यादीत नाव घालण्याआधी काय पाहायचं ते दिलं आहे: तिने पाहुणचार केला का, पवित्र जनांचे पाय धुतले का, संकटातल्यांना मदत केली का. हा केलेल्या कामाचा दाखला आहे. तिला गाता येतं का, असं कुणी विचारलेलं नाही.

घरी वडीलधाऱ्या माणसाचे पाय धुवायला बसलात तर आधी विचारा, आणि कुणाच्या हातून चालेल तेही विचारा. सासऱ्यांना सुनेसमोर पाय पुढे करायला संकोच वाटत असेल तर तो पेत्राचा अहंकार असेलच असं नाही. मुलाने बसावं, नातवाने बसावं. खाली प्लास्टिक, त्यावर जुना टॉवेल, मग पाणी. त्यांचा पाय मांडीवर ओढून घेऊ नका, ढोपर आखडलेलं असतं. आपण खाली सरका. दुखतंय का, हे शब्दांनी विचारण्यापेक्षा चेहऱ्याकडे बघा, बरेच जण नाहीच म्हणतात. हात चालत असतील तर पुसायचं काम त्यांनाच करू द्या. बेचक्या तेवढ्या आपण बघाव्यात, तिथे त्यांचा हात पोचत नाही.